‘गेलो होतो’ आणि ‘हॅड गॉन’: इंग्रजीच्या प्राध्यापकाने संशोधनाचा विषय कुठे शोधावा

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे: तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात तुम्ही सहा वर्षे इंग्रजी शिकवत आहात, नेट उत्तीर्ण आहात, पीएच.डी.साठी नोंदणी करायची आहे आणि मार्गदर्शकांनी एका भारतीय इंग्रजी कादंबरीकाराच्या कादंबऱ्यांतील परात्मता हा विषय सुचवला आहे. तुमचे मन मात्र वर्गात रोज दिसणाऱ्या इंग्रजीकडे ओढ घेते; पण भाषाशास्त्राची पदवी नाही आणि स्वतःचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले, या दोन कारणांनी धीर होत नाही. पहिली उणीव वर्षभराच्या वाचनाने भरून निघते. दुसऱ्या गोष्टीला तुम्ही उणीव म्हणता, पण ज्या प्रकारच्या संशोधनाची तुम्हाला ओढ आहे त्यात तुमच्याजवळचे सगळ्यात मोठे भांडवल तेच आहे. असे का म्हणतो ते सर्वसाधारण उपदेशाने पटणार नाही, म्हणून एकच वाक्य घेऊन शेवटपर्यंत त्याचाच पाठपुरावा करतो.

ते वाक्य तुम्ही शेकडो वेळा लाल शाईने दुरुस्त केले असेल: ‘आय हॅड गॉन टु पुणे यस्टरडे.’ त्याचेच भावंड रजेच्या अर्जात भेटते: ‘आय हॅड नॉट कम टु कॉलेज यस्टरडे.’ आपण ‘हॅड गॉन’ खोडून ‘वेंट’ लिहितो, समासात ‘टेन्स’ असा शेरा मारतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. मीही पंचवीस वर्षे हेच केले. पुढे एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण मी गेले होते ना, परत आले ना!” त्या ‘परत आले ना’पाशी मी थबकलो, कारण तिने अनवधानाने मराठी क्रियापदाचे अचूक वर्णन केले होते.

‘मी काल पुण्याला गेलो’ आणि ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ ही दोन्ही वाक्ये मराठीत शुद्ध आहेत, पण त्यांचे काम वेगळे आहे. ‘गेलो’ म्हटले की ऐकणारा पुढच्या गोष्टीची वाट पाहतो: गेलो, साहेबांना भेटलो, संध्याकाळच्या एस.टी.ने परतलो. ‘गेलो होतो’ म्हटले की घटना मिटलेली असते; जाऊन येणे झालेले असते, त्याचा परिणाम आता उरलेला नसतो, आणि बोलणारा ती घटना एक पार्श्वभूमी म्हणून किंवा एखाद्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे ठेवतो. ‘काल का नव्हतास?’ याला ‘पुण्याला गेलो होतो’ हेच स्वाभाविक उत्तर आहे. तिथे नुसते ‘गेलो’ कानाला अपुरे वाटते. इंग्रजीतील पास्ट परफेक्टला (म्हणजे ‘हॅड गॉन’सारख्या रूपाला) मात्र भूतकाळातलाच आणखी एक बिंदू लागतो, ज्याच्या आधी ही क्रिया घडली. असा बिंदू नसेल तर प्रमाण इंग्रजी ‘वेंट’वर भागवते आणि जाणारा परत आला की नाही हे संदर्भावर सोपवते.

आता आपली शालेय व्याकरणे पाहा. ‘मी गेलो होतो’ या रूपाला मराठीत पूर्ण भूतकाळ म्हणतात, आणि काळांच्या तक्त्यात त्याच्यासमोर ‘आय हॅड गॉन’ हे रूप बसवलेले असते. भाषांतरावर उभ्या असलेल्या तर्खडकरी परंपरेपासून आजच्या स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांपर्यंत या तक्त्याचा प्रवास कसा झाला, हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय होईल. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी ‘मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ हे वाक्य दिलेले असते, आणि गंमत अशी की नेमक्या याच वाक्यात दोन्ही भाषांचे पटते. जिथे पटते तेच उदाहरण दिल्यामुळे जिथे पटत नाही ती जागा मुलांना कधी दिसतच नाही.

तेव्हा एका चुकीमागे निदान तीन संभाव्य कारणे उभी राहिली. मातृभाषेतील अर्थरचना इंग्रजीत उतरत असेल. अध्यापनातील तक्त्याने ती सवय लावली असेल. किंवा मूल भोवतालच्या भारतीय इंग्रजीतून, म्हणजे वर्तमानपत्रांतून, सूचनाफलकांवरून आणि (हे कबूल केले पाहिजे) आपल्यासारख्या शिक्षकांच्या तोंडून हेच रूप उचलत असेल. तिसऱ्या शक्यतेत तर ही ‘चूक’ म्हणावी का, हाच प्रश्न आहे. भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी इंग्रजीच्या अनेक रूपांची जी मांडणी केली तिच्या दृष्टीने भारतीय इंग्रजीला स्वतःचे नियम असू शकतात, आणि पास्ट परफेक्टचा असा सैल वापर भारतीय इंग्रजीच्या वर्णनांत पूर्वीपासून नोंदलेला आहे. ही तीन कारणे एकमेकांपासून सोडवून दाखवणे हाच तुमचा प्रबंध. शीर्षक फार तर इतके असेल: मराठी भाषक पदवी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनातील पास्ट परफेक्टचा वापर. ‘ग्रामीण विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या समस्या’ असा आडवातिडवा पसरलेला विषय घेऊ नका. तो तीनशे पानांनंतरही सुरुवातीलाच राहतो.

या विषयाला पूर्वपीठिका आहे, आणि तिचा क्रम समजून घेतला तर वाचनाची यादी आपोआप लहान होते. रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ मध्ये दोन भाषांची तुलना करून अडचणींचा अंदाज बांधता येतो अशी भूमिका घेतली. पिट कॉर्डर यांनी १९६७ च्या लेखात चुका हा शिकणाऱ्याच्या मनातील व्यवस्थेचा पुरावा आहे असे मांडले, लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये त्या व्यवस्थेला ‘इंटरलँग्वेज’ हे नाव दिले, आणि दरम्यान जॅक रिचर्ड्स यांनी अनेक चुका मातृभाषेतून येतच नाहीत, इंग्रजीच्याच नियमांचा अतिरेक केल्याने होतात, हे दाखवून दिले. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत ही नावे पहिल्या प्रकरणात हजेरी लावतात आणि पुढे कुठेच दिसत नाहीत. मराठीपुरते बोलायचे तर मराठी माणसाच्या इंग्रजी उच्चारांवर भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांचा लेख १९५७ मध्येच ‘वर्ड’ या नियतकालिकात आला होता. तो उच्चारांविषयी असला तरी मिळवून वाचा. मराठीचे बारकावे जाणणारा अभ्यासक त्याच सामग्रीतून किती जास्त काढतो, हे त्यात दिसते.

विदा (डेटा) कशी गोळा करावी याकडे वळतो, कारण बहुतेक प्रबंध इथेच कोसळतात. प्रश्नावली वाटून ‘तुम्हाला काळ अवघड वाटतात का: होय, नाही, सांगता येत नाही’ अशी टक्केवारी काढणे हा सोपा मार्ग आहे, आणि तो घेऊ नका. विद्यार्थ्याला काय वाटते आणि तो काय लिहितो यांत फार अंतर असते. त्याऐवजी प्रत्यक्ष लेखन जमवा. समजा, १२० विद्यार्थ्यांकडून प्रत्येकी सुमारे १५० शब्दांचे तीन मजकूर घेतले, तर ३६० मजकूर आणि जवळपास ५४,००० शब्द हाती येतात. एकट्या माणसाला हाताने तपासता येईल आणि तरीही काही ठामपणे म्हणता येईल, असा हा आकार आहे. तीन मजकूर तीन प्रकारचे असावेत. एकात कालचा दिवस सलग सांगायचा, दुसऱ्यात अनुपस्थितीचे कारण देणारा अर्ज आणि तिसऱ्यात चित्रमालिकेवरून गोष्ट. वर मराठीबद्दल जे म्हटले ते खरे असेल तर सलग निवेदनाच्या साखळीत ‘हॅड’ कमी यायला हवा आणि निवेदनाच्या पहिल्या वाक्यात किंवा अर्जात जास्त. हा अंदाज विदा पाहण्याआधी लिहून, तारीख घालून, मार्गदर्शकांकडे द्या. तो चुकीचा ठरला तरी प्रबंध चुकीचा ठरत नाही. उलट, त्यातच खरी भर पडते.

मोजताना दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे नुसत्या चुका मोजणे. एका मुलाने पाच वेळा चूक केली आणि दुसऱ्याने दोनदा, यावरून काहीच कळत नाही, जोवर दोघांना ते रूप वापरण्याची संधी किती वेळा आली हे मोजलेले नाही. रॉजर ब्राउन यांनी १९७३ मध्ये लहान मुलांच्या भाषेसाठी वापरलेली कल्पना इथे उपयोगी पडते: जिथे ते रूप येणे अनिवार्य आहे अशा जागा आधी शोधायच्या आणि मग त्यांपैकी किती जागी ते आले हे पाहायचे. तुमच्या बाबतीत त्याची उलट बाजूही लागेल, म्हणजे जिथे साधा भूतकाळ हवा तिथे किती वेळा ‘हॅड’ घुसला. दुसरा खड्डा टाळाटाळीचा. जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ मध्ये दाखवले की चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनात संबंधी (‘हू’, ‘विच’ यांनी जोडलेल्या) उपवाक्यांच्या चुका कमी होत्या, कारण ते ती रचना वापरायचेच टाळत होते. चुका कमी म्हणजे प्रभुत्व जास्त, असा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो. आपल्याकडे हुशार, गुणांची काळजी असलेला विद्यार्थी सगळा मजकूर साध्या भूतकाळात रेटून नेतो, त्याचे काय करणार हे आधी ठरवा.

मजकुरातील कोणता ‘हॅड’ योग्य आणि कोणता अनाठायी हे ठरवणारे तुम्ही एकटे असता कामा नये. दहा टक्के मजकूर, म्हणजे छत्तीस, दुसऱ्या अनुभवी शिक्षकाला स्वतंत्रपणे तपासायला द्या आणि दोघांच्या निर्णयांतील मेळ ‘कोहेन्स कॅपा’ या संख्याशास्त्रीय मापाने काढा. मेळ कमी आला तर खचून जाऊ नका. कोणत्या वाक्यांवर तुमचे दोघांचे पटले नाही ती वाक्ये प्रबंधात छापा. माझ्या मते अनेकदा त्या वादग्रस्त वाक्यांतच सगळा विषय दडलेला असतो.

आता भारतीय इंग्रजीच्या शक्यतेकडे वळू, आणि इथे तुमच्या दाराशीच एक खजिना आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा भाषासंग्रह, म्हणजे अभ्यासासाठी निवडून जमवलेल्या मजकुरांचा साठा, तयार झाला. जगभरचे अभ्यासक त्याला ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने ओळखतात. १९७८ मध्ये भारतात छापलेल्या लेखनातून प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे ५०० नमुने त्यात आहेत आणि त्याची रचना अमेरिकी ‘ब्राउन’ भाषासंग्रहाच्या धर्तीवर केलेली आहे, म्हणजे बातम्या, अग्रलेख, शास्त्रीय लेखन, कथा असे वर्ग ठरवून. संगणकावर मजकूर चढवणे हेच दिव्य होते त्या काळात हे काम झाले, आणि आपल्याच विभागांतील अनेकांना त्याची गंधवार्ता नाही, ही खंत इथे नोंदवतो. पुढे शिवाजी विद्यापीठ आणि बर्लिनचे मुक्त विद्यापीठ यांच्या सहकार्याने आंतरराष्ट्रीय इंग्रजी भाषासंग्रहाचा भारतीय भागही तयार झाला. त्यात ५०० पैकी ३०० नमुने बोलण्यातील इंग्रजीचे आहेत आणि लेखी भागात विद्यार्थ्यांचे लेखनही आहे.

छापील भारतीय इंग्रजीत ‘हॅड’ आणि त्यापुढे क्रियापद अशी रचना कुठे येते, आणि त्यांपैकी कितीदा भूतकाळातील दुसरा बिंदू नसतानाही येते, हे या संग्रहांत शोधता येईल. त्यासाठी लॉरेन्स अँथनी यांची ‘अँटकाँक’ ही मोफत आज्ञावली पुरेशी आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा. ब्राउन संग्रह आणि त्याचे ब्रिटिश भावंड हे १९६१ च्या छापील मजकुराचे आहेत, तर कोल्हापूरचा १९७८ चा. सतरा वर्षांत कोणत्याही भाषेच्या सवयी थोड्या हलतात, तेव्हा दिसणारा फरक देशाचा आहे की काळाचा, हे तपासल्याशिवाय ‘भारतीय वैशिष्ट्य’ असा शिक्का मारू नका. शिवाय १९७८ चे संपादकांच्या हाताखालून गेलेले इंग्रजी आणि आज तुमचा विद्यार्थी मोबाईलवर वाचतो ते इंग्रजी यांतही अंतर आहे. त्यासाठी विद्यार्थी खरोखर काय वाचतात याचा छोटा संग्रह स्वतः करावा लागेल.

राहिले सगळ्यात अवघड काम: दोष मराठीचाच आहे हे सिद्ध करणे. नेहमीची वाट म्हणजे दुसऱ्या मातृभाषेचे विद्यार्थी घेऊन तुलना करणे. सोलापूर, सांगलीकडे असाल तर कन्नड मातृभाषेचे विद्यार्थी सहज मिळतील आणि ही तुलना फार मोहक वाटेल. पण कन्नडमध्येही ‘होगिद्दे’ म्हणजे आपले ‘गेलो होतो’च, आणि हिंदीत ‘गया था’ आहेच. शेजाऱ्यांच्या घरीही तेच भांडे असेल तर ते कुणाकडून आले, हे तुलनेने कसे कळणार? दोन्ही गट सारखेच लिहितील आणि तुम्ही ‘मातृभाषेचा प्रभाव नाही’ असा साफ चुकीचा निष्कर्ष काढाल.

यातून वाट स्कॉट जार्व्हिस यांनी २००० मध्ये मांडलेल्या निकषांत सापडते. मातृभाषेचा प्रभाव म्हणायचा तर एका भाषेचे शिकणारे आपापसांत सारखे वागले पाहिजेत, दुसऱ्या भाषेच्या शिकणाऱ्यांहून वेगळे वागले पाहिजेत, आणि त्यांचे मातृभाषेतील वागणे व इंग्रजीतील वागणे यांचा मेळ बसला पाहिजे, असे तीन परिणाम ते तपासायला सांगतात. दुसरा निकष आपल्याकडे लंगडा पडतो हे वर पाहिले. तिसऱ्यावर मात्र सारी मदार ठेवता येते. त्याच विद्यार्थ्यांकडून तीच घटना आधी इंग्रजीत आणि दोन-तीन आठवड्यांनी मराठीत लिहून घ्या. मग वाक्याला वाक्य जुळवून पाहा: जिथे त्याने मराठीत ‘गेलो होतो’, ‘आलो नव्हतो’ असे लिहिले, तिथेच इंग्रजीत ‘हॅड’ आहे का? आणि जिथे मराठीत नुसते ‘गेलो’, ‘आलो नाही’ आहे, तिथे इंग्रजीत ‘वेंट’, ‘डिड नॉट कम’ आहे का? एकाच हाताच्या दोन लेखनांत हा मेळ सातत्याने दिसला, तर तक्ता आणि वर्तमानपत्र यांच्या पलीकडे मराठीचा वाटा आहे असे म्हणायला भक्कम आधार मिळतो. मेळ दिसला नाही आणि ‘हॅड’ सगळीकडे सारखाच विखुरलेला असला, तर बोट अध्यापनाकडे किंवा भोवतालच्या इंग्रजीकडे वळते. ‘आलो नाही’ आणि ‘आलो नव्हतो’ यांतील छटा ज्याला अंगभूत कळत नाही त्याला, मग तो कितीही मोठ्या विद्यापीठातला असो, ही जुळणी करताच येणार नाही. तुमच्या मराठी माध्यमाला मी भांडवल म्हणालो ते या अर्थाने.

विद्यार्थी निवडताना माध्यमाची नोंद बारकाईने ठेवा. महाराष्ट्रात मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले ते २००० मध्ये; त्याआधी ते पाचवीपासून सुरू होत असे. त्यामुळे आज तुमच्यासमोर बसलेली मुले आणि त्यांना शिकवलेले शिक्षक यांची इंग्रजीशी ओळख वेगवेगळ्या वयात झालेली आहे. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांचा गट वेगळा मांडा. लेखी संमती घ्या, नावांऐवजी क्रमांक वापरा, आणि आपल्या लेखनाचा अंतर्गत गुणांशी काही संबंध नाही हे मुलांना स्पष्ट सांगा. नाहीतर ती तुम्हाला आवडेल तेच लिहितील.

साहित्याकडेच जायचे ठरले तरी हीच दृष्टी ठेवता येईल. परात्मतेच्या विषयावर ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर शोध घ्या आणि आधीचे प्रबंध पाहून आपल्याला नवे काय सांगायचे आहे हे एका वाक्यात लिहिता येते का ते बघा. येत नसेल तर आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) आणि देवलांचा ‘झुंझारराव’ (१८९०) मूळ ‘हॅम्लेट’ आणि ‘ऑथेल्लो’शेजारी ठेवून वाचा, जोडीला विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ घ्या. मराठी रंगभूमीसाठी शेक्सपिअरचे निर्यमक छंद (ब्लँक व्हर्स) कोणी गद्यात आणले, कोणी पद्यात, आणि त्याने पात्रांचे काय झाले, एवढ्यावर प्रबंध होतो. तो इंग्रजी विभागातच व्हायला हवा, पण मराठी कान नसलेल्याला तो जमणार नाही.

नियमांविषयी थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.चा किमान काळ तीन वर्षे आणि सर्वसाधारण कमाल सहा वर्षे आहे, कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे आहे आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती आयोगाच्या पातळीवर उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची अट वेगळी असू शकते, ती कार्यालयात जाऊन लेखी पाहा. मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादीही आयोगाने बंद केली आहे, त्यामुळे पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांपासून स्वतःलाच जपावे लागेल. वाङ्मयचौर्याच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण तो आकडा म्हणजे उचलेगिरीचा परवाना नव्हे. स्वतः जमवलेल्या ३६० मजकुरांवर लिहिणाऱ्याला त्याची चिंता तशीही फारशी राहत नाही.

मार्गदर्शकांना विषय बदलण्याविषयी विचारायला जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. पुढच्या आठवड्यात एकाच वर्गाकडून, संमतीने, ‘काल मी काय केले’ हा परिच्छेद इंग्रजीत लिहून घ्या आणि पंधरा-वीस दिवसांनी तोच मराठीत. तीस मुलांचे साठ कागद होतील. डाव्या रकान्यात मराठी वाक्य, उजव्यात इंग्रजी, असा तक्ता करा, प्रत्येक ‘हॅड’खाली आणि प्रत्येक ‘होतो-होते-नव्हतो’खाली रेघ ओढा, आणि तो तक्ता त्यांच्यासमोर ठेवा. तुमचे मार्गदर्शक मराठी भाषक असतील तर तिसऱ्या-चौथ्या ओळीवरच ते पेन्सिल हातात घेतील, असा माझा अनुभव आहे.